जीआरई टनेलमधून मोठी पॅकेट जात नाहीत. एमटीयू नक्की कुठे कमी करू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

दोन कार्यालयांची नेटवर्क जीआरई टनेलने (एक पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून नेणाऱ्या जोडणीने) जोडली आहेत, दोन्ही टोकांना लिनक्स राउटर. पलीकडच्या सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन लगेच होतं, पण मोठी फाइल ओढायला घेतली की थोडा डेटा येतो आणि कनेक्शन तिथेच थिजतं. लोकांची कामं अडली आहेत, म्हणून अंदाजाने काही बदलण्याआधी विचारतेय.

राउटिंग टेबल ठीक वाटतं. ‘आयपी राउट गेट’ला पलीकडचा पत्ता दिला की मार्ग टनेलवरूनच दाखवतो. टनेलचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४७६ बाइट आहे, म्हणजे नेहमीचे १५०० वजा जीआरईच्या वेष्टनाचे २४. मग डीएफ बिट (‘पॅकेटचे तुकडे करू नका’ ही खूण) लावून पिंग केलं: १४४० बाइट डेटा जातो, १४४१ ला उत्तरच नाही. १४४० मध्ये हेडरचे २८ आणि जीआरईचे २४ मिळवले की बरोबर १४९२ होतात. पलीकडच्या मोडेमवर पीपीपीओई आहे, ते १५०० मधले ८ बाइट स्वतःला घेतं, तेव्हा हिशोब जुळतो.

खटकतं ते वेगळंच. पॅकेट मोठं पडलं की वाटेतला राउटर पाठवणाऱ्याला जो ‘फ्रॅगमेंटेशन हवं’ (तुकडे करावे लागतील) हा आयसीएमपी संदेश धाडतो, तो येतच नाही. आला असता, तर पलीकडच्या राउटरच्या सार्वजनिक पत्त्यावर ‘राउट गेट’ केल्यावर कमी झालेला एमटीयू दिसला असता. वाटेत कुणीतरी आयसीएमपी सरसकट अडवतंय असं दिसतं.

आता टनेलचाच एमटीयू १४६८ करू, राउटिंग टेबलमध्ये तेवढ्या एका मार्गाला लावू, की एमएसएस (टीसीपीच्या एका पॅकेटमधला कमाल डेटा) १४२८ वर बांधू? एमएसएसने फक्त टीसीपी सुधारेल, आणि आमचे लॉग यूडीपीवरून जातात.

प्रतिसाद:
हिशोब बरोबर आहे. पण पिंगचं उत्तरही तेवढ्याच आकाराचं असतं, त्यामुळे १४४१ चं पॅकेट जाताना पडलं की येताना, हे त्यावरून कळत नाही. पलीकडे टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावा, आणि ‘राउट गेट’ तिथूनही करा. परतीची वाट वेगळी निघाली तर इकडचं टेबल कितीही तपासून उपयोग नाही.

मी टनेलचा एमटीयू दोन्ही टोकांना १४६८ करेन, जोडीला एमएसएसही बांधेन. एका मार्गापुरता एमटीयू नको. राउटिंग डीमनने (मार्ग आपोआप भरणाऱ्या प्रोग्रामने) तो मार्ग पुन्हा लिहिला की तुमची सेटिंग गुपचूप पुसली जाते. बदलानंतर राउटरवरूनच डीएफसह १४४१ चं पिंग करा. आता वाट न पाहता ‘संदेश फार मोठा’ अशी चूक तिथल्या तिथे दिसायला हवी. दिसली नाही, तर दोन्हीकडची टेबलं इथे टाका.