गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी: मूळ टीम नक्की कोणती, आणि कुठल्या 'अंक १' पासून वाचायचं?

धूमकेतू_७

मार्व्हलचे हे तिन्ही चित्रपट ओळीने बघितले. दुसऱ्याच्या शेवटी सिल्व्हेस्टर स्टॅलोनचा स्टाकार जुन्या साथीदारांना पुन्हा एकत्र आणतो. त्यात एक स्फटिकाचा माणूस आहे, एक धिप्पाड गडी, एक नुसतं यंत्राचं मुंडकं आणि एक सापाच्या धडाचा प्राणी. हेच म्हणे खरे गार्डियन्स. मग क्विल, गमोरा, ड्रॅक्स, रॉकेट, ग्रूट ही चित्रपटांतली मुख्य मंडळी कुठून आली? आणि योंडू दोन्हीकडे कसा?

दुसरं म्हणजे, कॉमिक्स वाचायला घ्यावीत तर याच नावाचे ढीगभर 'अंक १' दिसतात. त्यातला कुठला घ्यायचा?

जुना_अंक

मूळ टीम त्यांचीच, पण ती एकदम सगळी जमली नाही. 'मार्व्हल सुपर-हीरोज'च्या १८व्या अंकात (जानेवारी १९६९) आर्नल्ड ड्रेक आणि जीन कोलन यांनी चौघे आणले: व्हान्स ॲस्ट्रो, चार्ली-२७, मार्टिनेक्स आणि योंडू. काळ एकतिसाव्या शतकाचा. बडून नावाच्या परग्रहवासीयांनी सूर्यमालेतल्या मानवी वसाहती गिळलेल्या, आणि हे चौघे त्यातून उरलेले. चार्ली-२७ गुरूच्या गुरुत्वाकर्षणात टिकावा म्हणून घडवलेला, म्हणून इतका रुंद. मार्टिनेक्स प्लूटोसाठी, म्हणून स्फटिकाचा. व्हान्सची गोष्ट सगळ्यात वाईट. हजार वर्षं निद्रितावस्थेत प्रवास करून तो दुसऱ्या ताऱ्यापाशी पोचतो, तर प्रकाशापेक्षा वेगवान यानं काढून माणसं तिथे कधीच येऊन बसलेली. वर अंगावरचा धातूचा पोशाखही काढता येत नाही. काढला तर हजार वर्षांचं म्हातारपण एकदम अंगावर येणार.

त्या एका अंकानंतर पाच वर्षं सामसूम. १९७४ मध्ये स्टीव्ह गर्बरने त्यांना 'मार्व्हल टू-इन-वन'च्या ५व्या अंकात परत आणलं. स्टारहॉक, म्हणजेच स्टाकार, १९७५ मध्ये 'डिफेंडर्स'मधून आला आणि निकी ही आणखी एक सदस्य त्यानंतर. कॉमिक्समध्ये स्टाकार आणि त्याची जोडीदार अलेटा एकाच देहात नांदतात. चित्रपटात ती दोन वेगळी माणसं केली आहेत. यंत्राचं मुंडकं आणि सापाच्या धडाचा जादूगार, म्हणजे मेनफ्रेम आणि क्रुगार, हे १९९० मध्ये जिम व्हॅलेंटिनोने सुरू केलेल्या ६२ अंकांच्या मालिकेतले. मेनफ्रेम म्हणजे भविष्यातला व्हिजन (मार्व्हलचा यंत्रमानव नायक), आणि तिथे तो अख्खा ग्रह चालवतो.

योंडूचं म्हणाल तर कॉमिक्समधला योंडू लुटारू नाही. तो देवभोळा शिकारी आहे, हातात धनुष्य असतं, आणि शिट्टीने तो सुटलेल्या बाणाची दिशा बदलतो. चित्रपटाने धनुष्य काढून टाकलं आणि बाण शिट्टीवर सोडला. डोक्यावरचा तुराही पहिल्या चित्रपटात बुटका आहे. दुसऱ्यात तो मोठा बसवतात, तो कॉमिक्समधल्या उंच तुऱ्याला केलेला नमस्कार.

नोव्हेअरचा_कुत्रा

आताची टीम २००८ ची. ती समजायची तर एक वर्ष मागे जावं लागतं. 'ॲनिहिलेशन: कॉन्क्वेस्ट' या २००७-०८ च्या महाकथेत 'स्टार-लॉर्ड' नावाची चार अंकांची छोटी मालिका आहे, कीथ गिफनने लिहिलेली. त्यात क्री या परग्रहवासी लोकांच्या कैदेतून सुटका करण्याच्या बदल्यात एक पथक आत्मघातकी मोहिमेवर पाठवतात: पीटर क्विल (हाच स्टार-लॉर्ड), रॉकेट, ग्रूट, मँटिस (मन वाचणारी), बग आणि आणखी दोघे. पीटरची रॉकेट-ग्रूटशी गाठ इथे पडते.

मग डॅन ॲबनेट आणि अँडी लॅनिंग यांनी २००८ मध्ये 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' काढलं. पहिल्या अंकात लढणारे सहा: स्टार-लॉर्ड, रॉकेट, ड्रॅक्स, गमोरा, ॲडम वॉरलॉक आणि फायला-व्हेल (ती तेव्हा क्वेझर हे नाव लावायची). झाडासारखा ग्रूट अजून काडीतून वाढतो आहे, मँटिस मागची बाजू सांभाळते, आणि नोव्हेअर या त्यांच्या अवकाशातल्या तळाची सुरक्षा कॉस्मो नावाच्या रशियन कुत्र्याकडे. म्हणजे चित्रपटातले ते पाचजण इथे आहेत, पण पाचच नाहीत.

नावाची गंमत इथेच आहे. या टीमला सुरुवातीला नावच नसतं. मग बर्फात गोठलेला एक माणूस सापडतो, हातात कॅप्टन अमेरिकाची ढाल. तो म्हणजे भविष्यातून आलेला व्हान्स ॲस्ट्रो. 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' हे शब्द त्याच्या तोंडून येतात आणि ही मंडळी ते नाव उचलतात. थोडक्यात, एकतिसाव्या शतकातल्या टीमने आपल्या पूर्वजांना नाव दिलं. चित्रपटाने कालप्रवास टाळून त्यांना सरळ आधीची पिढी करून टाकलं. मला हे चलाख वाटतं, पण त्यात मूळ टीमचा बडूनविरुद्धचा लढा पार पुसला गेला.

पानपान

वाचायचा क्रम:

सुरुवात गिफनच्या 'स्टार-लॉर्ड'चे १ ते ४ अंक, मग 'कॉन्क्वेस्ट'चे मुख्य ६ अंक. त्यानंतर २००८ च्या मालिकेचे १ ते १२. इथे बहुतेक जण अडखळतात. १३व्या अंकापासून कथा 'वॉर ऑफ किंग्ज' या सहा अंकांच्या युद्धाला जोडलेली आहे. ते न वाचता पुढे गेलात, तर अवकाशात पडलेली 'फॉल्ट' नावाची भेग कुठून आली आणि तिच्यापायी वॉरलॉकचा मेगस (त्याचंच दुष्ट रूप) का झाला, यातलं काहीही कळणार नाही. मालिका २५व्या अंकात थांबते, पण गोष्ट थांबत नाही. तिचा शेवट 'थानोस इम्पेरेटिव्ह'मध्ये (२०१०) आहे. ते न वाचता २०१३ ची मालिका उघडू नका.

'अंक १' चा घोळ असा: याच नावाने १९९०, २००८, २०१३, २०१५, २०१९, २०२० आणि २०२३ मध्ये नव्याने अंक १ निघाले. मुखपृष्ठावरच्या चेहऱ्यांवर जाऊ नका, रॉकेट आणि ग्रूट बहुतेकांवर असतात. वर्ष आणि लेखक बघा. ॲबनेट-लॅनिंग ही जोडी दिसली तर २००८. ब्रायन मायकल बेंडिस दिसला तर २०१३ किंवा २०१५. डॉनी केट्स म्हणजे २०१९, अल ईविंग म्हणजे २०२०. मूळ टीम हवी असेल तर व्हॅलेंटिनो, किंवा ॲबनेटची 'गार्डियन्स ३०००' ही आठ अंकांची मालिका.

जुना_अंक

बेंडिसबद्दल थोडी भर. त्याच्या २०१३ च्या टीममध्ये बरोबर तेच पाचजण आहेत आणि सोबत आयर्न मॅन. हा योगायोग नाही. चित्रपटाची घोषणा २०१२ मध्ये झाली होती. म्हणजे इथून पुढे कॉमिक्स चित्रपटाच्या मागे चालू लागली. 'थानोस इम्पेरेटिव्ह'च्या शेवटी स्टार-लॉर्ड दुसऱ्या विश्वात अडकतो, आणि २०१३ मध्ये तो काहीच न घडल्यासारखा हजर. खुलासा २०१४ मध्ये १८ ते २० या अंकांत आला, आणि तोही नीट बसत नाही.

नोव्हेअरचा_कुत्रा

ते मान्य, पण बेंडिसच्याच काळात अँजेला, फ्लॅश थॉम्पसनचा व्हेनम, कॅप्टन मार्व्हल, द थिंग असे पाहुणे येत राहिले, आणि २०१५ मध्ये तर एक्स-मेनमधली किटी प्राइड स्टार-लॉर्ड झाली. पाचाचा साचा कॉमिक्सला फार काळ मानवलाच नाही. मुळात २००८ च्या टीमची गंमतच ही, की लोक मनाने आलेलेच नव्हते. मँटिसने पीटरच्या सांगण्यावरून सगळ्यांच्या मनाला हळूच ढकललं होतं. सहाव्या अंकात ते उघड होतं आणि टीम तिथल्या तिथे फुटते.

धूमकेतू_७

दोघांचे आणि पानपान यांचेही आभार. एकच राहिलं: तिसऱ्या चित्रपटाच्या शेवटची टीम (रॉकेट कप्तान, ग्रूट, क्रॅगलिन, कॉस्मो, वॉरलॉक, फायला) कॉमिक्समध्ये आहे का?

पानपान

जशीच्या तशी नाही. क्रॅगलिन वगळला तर बाकीचे पाचही २००८ च्या मालिकेत भेटतील, पण नावं तीच आणि माणसं निराळी. तिथला कॉस्मो नर आहे. फायला लहान मुलगी नाही, तर मार-व्हेल या क्री योद्ध्याची वयात आलेली लढवय्यी मुलगी. आणि वॉरलॉककडून विनोदाची अपेक्षा ठेवू नका.