मदत हवी आहे : लहान भावाची दाढ काढावी की थांबावे?

रोवणीचा_गडी (आरमोरी तालुका)
माझ्या लहान भावाच्या तोंडात आठवडाभरापासून असह्य दुखते आहे. गालाच्या आतून आणि जिभेच्या कडेला पांढरे फोड आले असून खालच्या उजव्या दाढेत रात्री असा ठणका लागतो की तो उठून बसतो. दाढ काढून टाका, असे तालुक्याच्या एका दवाखान्यात सांगितले. परंतु दाढ धडधाकट आहे, कीड कोठेच दिसत नाही. जुन्या आजाराच्या गोळ्या चालूच आहेत. दाढ काढावी की नाही, एवढेच कृपया सांगावे, कारण भाताची रोवणी तोंडावर आली आहे.

वैनगंगाकाठ
जुना आजार कोणता आणि गोळ्या कोणत्या? संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर तोंड सोलवटून निघते आणि प्रकरण जिवावर बेतते. शिवाय, राग मानू नका, भाऊ खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खातो का?

जाईचा_मांडव
इतक्या चौकशीची गरज नाही. जाईचा पाला चावून लाळ थुंकावी, तुरटीच्या पाण्याने चूळ भरावी आणि गालावरून बर्फ फिरवावा. आमच्या घरी दुसरे औषध लागलेले नाही.

रोवणीचा_गडी
खर्रा तो खात नाही, हे दोनदा विचारू नये. त्याला सिकलसेल आहे, एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडून दोष आलेला पूर्ण आजार. हायड्रॉक्सीयुरिया आणि फोलिक ॲसिड चालू आहे. आमच्याकडे घरटी कोणाला ना कोणाला हा आजार आहे, म्हणून वेगळे लिहिले नाही.

गोंदियाची_ताई
भाऊ, हीच तर मुख्य गोष्ट होती. मी स्वतः एसएस आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यामुळे जबड्याच्या हाडात किंवा दाताच्या आतील गरात रक्त पोहोचत नाही आणि कीड नसलेला दातही दुखतो. फोडांचे कारण मात्र वेगळे असू शकते, कारण हायड्रॉक्सीयुरियाने काहींना तोंड येते आणि पांढऱ्या पेशीही घटू शकतात. म्हणून सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) ताबडतोब करून घ्यावी. गोळी मनाने बंद करू नये, वाढवूही नये. बर्फ तर मुळीच लावू नये. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखणे वाढते.

जाईचा_मांडव
बर्फ मागे घेतो. जाईच्या पाल्याने मात्र कोणाचे नुकसान झालेले मी पाहिलेले नाही.

गोंदियाची_ताई
पाल्याला माझा विरोध नाही, त्याच्या भरवशावर दोन दिवस घालवण्याला आहे. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरणे पुरेसे आहे.

आष्टीचा_मास्तर
भावाचे लग्न ठरवण्यापूर्वी मुलीची तपासणी अवश्य करावी. मुलगी एएस (म्हणजे एकाच पालकाकडून दोष आलेली वाहक) निघाली तर प्रत्येक अपत्याला एसएस होण्याची शक्यता ५० टक्के असते.

रोवणीचा_गडी
मास्तर, लग्नाचा विषयच नाही. ताई, एक विचारतो : आज दाढी करताना हनुवटीच्या उजव्या बाजूला वस्तरा लागून रक्त आले, तरी त्याला कळले नाही. खालचा ओठही जड वाटतो म्हणतो. हे दाढेमुळे का?

वैनगंगाकाठ
ताप आहे का? पाणी किती पितो?

रोवणीचा_गडी
काल संध्याकाळी अंग गरम होते. तोंड झोंबते म्हणून पाणी जवळजवळ बंदच आहे.

गोंदियाची_ताई
मग आता दाढेचा प्रश्न बाजूला ठेवा. जबड्यातून हनुवटीकडे जाणाऱ्या नसेला क्रायसिसमध्ये (पेशी अडकून दुखणे उसळते तेव्हा) इजा झाली की अशी बधिरता येते. एसएस रुग्णाची प्लीहा बहुधा निकामी झालेली असते, त्यामुळे जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो. म्हणून तापासाठी सकाळची वाट न पाहता आजच जिल्हा रुग्णालय गाठावे. सिकलसेलचे कार्ड आणि गोळ्यांचे पाकीट सोबत ठेवावे, बधिरता आपण होऊन सांगावी आणि जबड्याचा एक्स-रे व सीबीसी झाल्याशिवाय दाढेला हात लावू देऊ नये. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून देऊ नका, त्यांतील काही मूत्रपिंडाला बाधतात. वाटेत कोमट पेज घोट-घोट पाजत राहा; गिळवत नसेल तर तेथे सलाईन लावतील.

रोवणीचा_गडी
शेजाऱ्यांची गाडी मिळाली आहे, निघतो आहोत. सकाळची हायड्रॉक्सीयुरिया त्याने घेतलेली आहे, हे सांगायचे ना?

गोंदियाची_ताई
होय, किती मिलिग्रॅमची आणि किती वाजता घेतली तेही सांगा. पुढची गोळी रिपोर्ट पाहून डॉक्टर सांगतील तेव्हाच द्यावी.