मदत हवी आहे : अब्बासी काळात प्रांताचा काझी नक्की कुणाचा माणूस?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनगटात मला अब्बासी खिलाफतीच्या न्यायव्यवस्थेवर बोलायचं आहे. बगदादचं चित्र बऱ्यापैकी हाती लागलं. हारून अल-रशीदने (786–809) अबू युसुफला मुख्य काझी केलं, तिथपर्यंत ठीक. गाडी अडते ती प्रांतांपाशी. मी इजिप्त निवडलं, कारण इतिहासकार अल-किंदीने (मृत्यू 961) तिथल्या सुभेदारांच्या आणि काझींच्या हकिकती ओळीने लिहून ठेवल्या आहेत.

एक हकिकत डोक्यातून जात नाही. फुस्तातचा (इजिप्तमधलं तेव्हाचं मुख्य शहर) काझी खैर इब्न नुऐम. एका शिपायाने कुणावर तरी बदनामीकारक आळ घेतला. फिर्यादीकडे साक्षीदार एकच, म्हणून दुसरा येईपर्यंत खैरने शिपायाला कैदेत ठेवलं. सुभेदार अबू औनने त्याला परस्पर सोडवलं. खैर घरी जाऊन बसला, कामच सोडलं. सुभेदाराने निरोप धाडला, तर उत्तर एकच : आधी शिपाई कैदेत परत, मग मी. शिपाई काही परत आला नाही. ही गोष्ट साधारण 752-53 ची.

पुढे वीसेक वर्षांत, 771-72 मध्ये, खलीफा अल-मन्सूरने इब्न लहीआला थेट बगदादहून इजिप्तचा काझी नेमलं, महिना 30 दिनार पगारावर. त्याआधी तिथला काझी बहुतेक वेळा सुभेदारच नेमत असे. तर प्रश्न असा : नेमणूक वरून झाली, पण शिपाई आणि तुरुंग सुभेदाराकडेच राहिले ना? मग काझीचा निवाडा अमलात कोण आणायचं? प्रत्यक्षात फरक काय पडला?

(आदिलशाही महजरांवरचे (निवाडापत्रांवरचे) काझींचे शिक्के मी पाहिले आहेत. पण ते आठ-नऊशे वर्षांनंतरचं आणि गोतसभेसोबतचं प्रकरण. कृपया ते इथे नको.)

प्रतिसाद १

प्रश्न चांगला आहे, पण तुम्ही काझीला फौजदाराच्या जागी बसवताय. गुन्हे, मारामाऱ्या, चोर-दरोडेखोर हे मुख्यतः शुर्ता म्हणजे सुभेदाराच्या पोलिसांचं काम. अधिकाऱ्यांच्या जुलमाविरुद्धची गाऱ्हाणी 'मजालिम'मध्ये, आणि तिथे खलीफा किंवा सुभेदार बसायचा. काझीकडे वारसा, लग्न, कर्ज, अनाथांची मालमत्ता आणि वक्फ (धर्मादाय राखून ठेवलेली मालमत्ता). तौबा इब्न नमीर या काझीने 736 मध्येच इजिप्तचे वक्फ आपल्या देखरेखीखाली घेतले होते. त्याची ताकद दप्तरात आणि साक्षीदारांत होती, तलवारीत नव्हे.

फरक पडला, पण तुम्ही शोधताय तिथे नाही. पुढचा खलीफा अल-महदीच्या काळात इराकमधल्या कूफाचा इस्माईल इब्न अल-यसा हा हनफी (म्हणजे धर्मशास्त्री अबू हनीफाच्या पंथाचा) काझी इजिप्तला आला. अबू हनीफाच्या मताप्रमाणे तो वक्फ रद्द ठरवू लागला. लोक बिथरले. तिथले मोठे फकीह (धर्मकायद्याचे जाणकार) लैस इब्न सअद यांनी खलीफालाच लिहिलं; मतितार्थ असा की पैशाच्या बाबतीत या माणसाबद्दल तक्रार नाही, पण आमची रीत तो मोडतोय. काझीला पदावरून काढलं! सुभेदाराला वगळून लोक बगदादशी बोलू लागले, हे मला तरी शिपायाच्या गोष्टीपेक्षा मोठं वाटतं.

धागाकर्ता

मनापासून आभार. लैसचं पत्र भाषणात घेतोच. म्हणजे खैरची अडचण नेमणुकीने सुटलीच नाही, बरोबर?

आता त्यातूनच पुढचा प्रश्न. इब्न लहीआचे ते 30 दिनार खलीफाने ठरवले खरे, पण हातात पडायचे कुठून? प्रांताच्याच खजिन्यातून पडत असतील, तर चावी पुन्हा स्थानिक अधिकाऱ्यांकडेच आली. इजिप्तच्या वसुलीचे कागद (पपायरस) कुणी वाचले असतील तर कृपया सांगा.