साखळीत पहिल्या आल्यावर पुन्हा परीक्षा कशाला?

टॅकलवाली:
अमेरिकेत कॉलेजच्या मुलींचा सॉकर हंगाम ऑगस्टच्या मध्यात सुरू होतो. साखळी सामने संपले की नोव्हेंबरच्या सुरुवातीला कॉन्फरन्सची, म्हणजे आपसात साखळी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाची बाद फेरी, आणि ती जिंकणाऱ्या संघाला एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या 64 संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा. मला हे अजिबात पटत नाही. दोन महिने राबून मुली गुणतक्त्यात पहिल्या येतात आणि एका रविवारी पेनल्टीवर हरल्या की सगळं मुसळ केरात! मोठ्या कॉन्फरन्सच्या संघांना राष्ट्रीय स्पर्धेच्या उरलेल्या जागा भरणारी निवड समिती तरी सांभाळून घेते. छोट्यांचा हंगाम बहुतेकदा तिथेच संपतो. पश्चिम किनाऱ्याकडच्या जुन्या पॅक-12 कॉन्फरन्समध्ये मुलींसाठी ही भानगडच नव्हती. साखळीतला पहिला तोच विजेता. स्टॅनफर्ड आणि यूसीएलएचं काही अडलं का? दोघांनीही राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलीच ना.

केरीकर:
अहो, तो गुणतक्ता तरी कुठे सोवळा आहे? आमच्या एसीसी कॉन्फरन्समध्ये मुलींचे 17 संघ. सगळे सगळ्यांशी खेळतच नाहीत. एखादीच्या वाट्याला नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक, फ्लोरिडा स्टेट अशी रांग, दुसरीला सोपा पेपर. मग समोरासमोर होऊन जाऊ दे की. शिवाय एसीसीच्या बाद फेरीचे वेकमेड पार्कवरचे शेवटचे सामने आमच्या गावात, केरीत, त्यामुळे माझं मत जरा झुकतं धरा! माझी लेक कठड्याला लटकून गोलकीपरचे हातमोजे बघत बसते. तिला गुणतक्त्याशी काही देणंघेणं नाही.

टॅकलवाली:
2024 चंच बघा. एसीसीची बाद फेरी जिंकली फ्लोरिडा स्टेटने. राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत कोण? नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक, स्टॅनफर्ड, वेक फॉरेस्ट. चारही एसीसीचे, आणि विजेतेच गायब! काय ठरवलं त्या स्पर्धेने?

ऑफसाइड_आजोबा:
राष्ट्रीय स्पर्धा हीसुद्धा बाद फेरीच. तिचा निकाल पुरावा म्हणून चालतो, कॉन्फरन्सचा मात्र बोचतो?

गुडघेदुखी:
बोचतं ते गुडघ्याला, आजोबा. हंगामभर बहुतेक आठवड्यांत दोन सामने, गुरुवारी आणि रविवारी, मध्ये विमानप्रवास. स्टॅनफर्ड एसीसीत आल्यापासून तर कॅलिफोर्निया ते कॅरोलायना, तीन तासांचा वेळेचा फरक. 2022 पासून साखळीतला जादा वेळ बंद झाला, चांगलं झालं. पण बाद फेरीत बरोबरी झाली की 10-10 मिनिटांचे दोन जादा भाग, तेही पूर्ण. आधी गोल मारला म्हणून सुटका नाही. मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त, हे कोचना माहीत नाही का? राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर असताना हा बोजा कशासाठी?

राखीव_खेळाडू:
बोजा फक्त वरच्यांना वाटतो. खालच्या संघाला तीच एक फट उघडी असते. साखळीत सुरुवातीला दुखापतींनी रडत असलेला संघ ऑक्टोबरात सावरतो, त्याने काय करायचं?

केरीकर:
तरी टॅकलवालींचा एक मुद्दा मी उचलतो. आयव्ही लीग या कॉन्फरन्समध्ये आठच संघ, प्रत्येक जण उरलेल्या सातांशी खेळतो. तिथला गुणतक्ता खरोखर चोख. तरीही 2023 पासून त्यांनी चार संघांची बाद फेरी सुरू केली. ती मलाही कळत नाही. एसीसीची मात्र सोडणार नाही.

टॅकलवाली:
म्हणजे 17 वाल्यांनी खेळावं, आठवाल्यांनी घरी बसावं. बरं, एवढं तरी करा: ठेवायचीच असेल तर सामने पहिल्या आलेल्या संघाच्या मैदानावर ठेवा. अनेक कॉन्फरन्स तसं करतातच.

ऑफसाइड_आजोबा:
आणि घरच्या मैदानावर हरलात, तर पुढचा धागा कशावर काढणार?