मोर्चाच्या आधीची वही

"कार्यकर्ते मोर्चापुरते उगवतात, एरवी ऊसतोडवाल्यांना कोणी विचारत नाही" असं बरेचजण म्हणतात, ते मला पटत नाही. दिवाळी झाली की नंदुरबारमधल्या धडगाव, अक्कलकुव्याकडून ऊसतोड मजुरांचे ट्रक भरून गुजरातमध्ये बारडोली-सुरतकडे निघतात. त्याआधी पाड्यापाड्यांवर वही घेऊन फिरणारे कार्यकर्ते मी पाहिलेत, दोन हंगाम त्यांच्याबरोबर फिरलोही. मजूर नेणाऱ्या मुकादमाचं नाव, फोन, कोयते किती, उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे किती, सगळं वहीत. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पण उचलीच्या हिशोबात बायकोचं नावच नसतं. ते लिहायला लावण्यातच त्यांचा निम्मा जीव जातो. एका बाईने आपल्या नावापुढे अंगठा टेकवला आणि किती तरी वेळ बोटावरच्या शाईकडे बघत राहिली.

रेशनबद्दल तर कोणीच बोलत नाही. 'एक देश, एक रेशनकार्ड'मुळे तोडीवर गेलेले आपल्या वाट्याचं धान्य गुजरातमध्ये उचलू शकतात, उरलेलं गावातले म्हातारे त्याच कार्डावर इथे. पण तिकडे अंगठा जुळायला जाणाऱ्यांपैकी निदान एकाचं आधार रेशनकार्डाला जोडलेलं लागतं. ट्रक लागायच्या आदल्या संध्याकाळी एका पाड्यावर आम्ही तपासलं, तर म्हाताऱ्यांचे जोडलेले आणि जाणाऱ्या बऱ्याच जोडप्यांचे राहिलेले निघाले.