परोपजीवी माशी सोडली की काम झाले?

पानगळ :
‘स्पंजी मॉथचे शत्रू आणून सोडा, पुढचे निसर्ग पाहून घेतो,’ असे काल येथे कोणी तरी ठासून लिहिले आहे. स्पंजी मॉथ म्हणजे ज्याचे सुरवंट ओकची झाडे बोडकी करतात तो पतंग. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या ओकवनांत हाच प्रयोग शंभरावर वर्षे चालू आहे, हे त्यांच्या गावी नसावे. ट्रुव्हलो नावाच्या गृहस्थांनी रेशमाच्या नादापायी तेथल्या मेडफर्ड गावी आणलेला हा पतंग निसटला आणि १९०६ पासून त्याच्यामागे युरोपातील कॉम्प्सिल्युरा माशी सोडण्यात आली. ही माशी सुरवंटाच्या अंगाला भोक पाडून आत जिवंत अळीच घालते. परंतु तिच्या वर्षाला तीन-चार पिढ्या होतात, स्पंजी मॉथची एकच, आणि त्याचा हिवाळा अंड्यात जातो. उरलेल्या पिढ्यांनी जायचे कुठे? दीडशेहून अधिक इतर जातींच्या सुरवंटांत!

ओकवाला :
माशीवरचा राग समजू शकतो, पण त्यापायी सगळी फौज का बदनाम करता? अंडीपुंज पोखरणारी चिमुकली गांधीलमाशी आहे, झाडावर चढून सुरवंट फाडणारा हिरवा भुंगेरा आहे, आणि सुरवंटांना मारणारी बुरशी तर आहेच. २०१७ मध्ये झाडे पुन्हा बोडकी होणार म्हणून मी फवारणीवाल्याला आगाऊ पैसे दिले होते. मे-जूनमध्ये पाऊस लागून राहिला आणि एका सकाळी पाहतो तो बुंध्यावर शेकडो सुरवंट डोके खाली करून सरळ लटकलेले, काडीने ढोसले तरी न हलणारे. फवारणीवाला आला तेव्हा मारायला फारसे काही उरलेच नव्हते. पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

पानगळ :
बुरशीचे श्रेय घेताना जरा जपून. १९१०-११ मध्ये बोस्टनजवळ सोडलेली ही जपानी बुरशी रुजली नाही असेच सगळे धरून चालले होते. ती साथीच्या रूपाने दिसली थेट १९८९ मध्ये. शिवाय तिला ओला वसंत लागतो. २०१५ आणि २०१६ कोरडे गेले, तेव्हाच तर तुमची झाडे बोडकी झाली.

रेशीमवेडी :
तुमच्या या हिशेबात सिक्रोपियाला, म्हणजे इथल्याच मूळच्या मोठ्या रेशमी पतंगाला, कोणी मोजतच नाही. बोटाएवढा जाड, पाठीवर लाल-पिवळ्या गाठी असलेला तो सुरवंट मी बाहेरच्या फांदीवरून आणून जाळीच्या पिंजऱ्यात वाढवला होता. एके दिवशी तो मरगळला आणि त्याच्या कातडीतून पांढऱ्या अळ्या बाहेर पडू लागल्या. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मॅसॅच्युसेट्सच्या जंगलात ठेवलेल्या सिक्रोपियाच्या पाचशे सुरवंटांपैकी वाढीच्या पाचव्या अवस्थेपुढे एकही जगला नाही, आणि मुख्य मारेकरी हीच माशी होती. ज्याच्यासाठी आणली तो पतंग अजून ओक खातोच आहे. याला यश म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

किनारेकरी :
ताई, सिक्रोपियाचे दुःख मोठेच, पण मी मेन राज्याच्या किनाऱ्यावर राहतो. ब्राउनटेल मॉथ हा बाहेरून आलेला दुसरा पतंग एके काळी न्यू इंग्लंडभर पसरला होता. तो किनाऱ्यालगत आक्रसला, त्यात याच माशीचा मोठा हात मानतात. त्याच्या सुरवंटाचे केस वाऱ्यावर उडतात. दोरीवर वाळत घातलेली चादर रात्री अंथरली आणि पुढचे तीन आठवडे मी नुसता खाजवत होतो. त्या रात्रींत मला एकही रेशमी पतंग आठवला नाही.

रेशीमवेडी :
बरे, ब्राउनटेलपुरते मान्य करते, तेही तुमच्या चादरीकडे पाहून. पण सिक्रोपियाने कोणाच्या अंगावर कधी पुरळ उठवले होते?

पानगळ :
विंटर मॉथ या बाहेरून आलेल्या आणखी एका पानखाऊ पतंगाचे उदाहरण पाहा. त्याची शत्रू सायझेनिस माशी पानावर बारीक अंडी घालते. पानासोबत ती सुरवंटाच्या पोटात जातात आणि तेथे फुटतात. ही माशी जवळजवळ विंटर मॉथवरच जगते. कॅनडातील नोव्हा स्कॉशियात १९५० च्या दशकात ती उपयोगी पडली, आणि २००५ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये सोडल्यावर तेथेही पतंग आटोक्यात आला.

ओकवाला :
म्हणजे शत्रू आणून सोडावेत, हे शेवटी आपणच म्हणालात. धन्यवाद.

पानगळ :
तो आणखी काय काय खातो हे आधी तपासून सोडावेत, असे म्हणालो. १९०६ मध्ये तेवढे कोणी पाहिले नाही. आणि आपले आगाऊ पैसे आता त्या बुरशीकडेच मागा.