मदत हवी आहे: करंट रेशो १.३५ असताना बँक ०.९४ म्हणते

दुकानदार७: इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान, धंदा एकट्याच्या मालकीचा. सीसी (कॅश क्रेडिट, बँकेतून धंद्यासाठी उचलायची मर्यादा) १२ लाखांची २० करायची आहे. ३१ मार्चला चालू मालमत्ता ४२ लाख, चालू देणी ३१. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की करंट रेशो १.३५. बँक म्हणते ०.९४ आहे, १.३३ हवा. भागाकार येत नाही का यांना? परवा शाखेत जायचंय, लवकर सांगा.

खतावणी: ४२ मध्ये काय काय धरलंय?

दुकानदार७: नेहमीचंच. माल १९, गिऱ्हाइकांकडची उधारी १७, एफडी ३, दुकानाच्या भाड्याचं डिपॉझिट २, रोकड आणि बँकेत मिळून १.

खतावणी: जुनी उधारी किती? एफडी कधी सुटते? टर्म लोन?

दुकानदार७: एका बिल्डरकडे ५ अडकलेत, दीड वर्ष झालं. एफडी २०२८ची. टेम्पोचं कर्ज आहे, पण ते दीर्घ मुदतीत दाखवलंय.

खतावणी: मग बँकेचं बरोबर आहे. बारा महिन्यांत ज्याचे पैसे हातात येत नाहीत ते चालूत धरत नाहीत. ५, ३ आणि २ गेले, राहिले ३२. टेम्पोचे पुढच्या १२ महिन्यांतले हप्ते मात्र चालू देण्यांत येतात, ते ३ लाख धरलेले दिसतात. ३२ भागिले ३४.

स्पष्टवक्ता: एफडी केव्हाही मोडता येते. चालूच धरायची.

खतावणी: गॅरंटीपोटी लियन असेल, म्हणजे बँकेने ती अडकवून ठेवली असेल, तर मोडून दाखवा.

दुकानदार७: लियन आहे.

लघुउद्योजक: बिल्डरविरुद्ध लघुउद्योगांच्या थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. ४५ दिवसांच्या वर व्याज लागतं.

खतावणी: ट्रेडरला, म्हणजे नुसता माल घेऊन विकणाऱ्याला, ते नाही. उद्यम ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी असली तरी त्यांना फायदा प्राधान्यक्षेत्र कर्जापुरताच (बँकांनी प्राधान्याने द्यायचं कर्ज).

  



माजीबँकर: रेशोचं राहू द्या, ड्रॉइंग पॉवर बघा, म्हणजे माल आणि उधारीच्या जोरावर प्रत्यक्ष किती उचलता येतं ते. सप्लायरचं देणं किती?

दुकानदार७: १४. शिवाय मेहुण्यांचे उसने ४.

माजीबँकर: माल १९ वजा १४, म्हणजे ५. नव्वद दिवसांच्या आतली उधारी १० समजू. १५ वर बँक २५ टक्के मार्जिन कापते, उरले ११.२५. उधारीवर काही बँका ४० टक्केही कापतात. लिमिट २० झाली तरी उचल तेवढीच! सीसी चालू आहे तोवर पैसे मागणार नाही, असं मेहुण्यांकडून लिहून घ्या. बँकेने मानलं तर ४ लाख देण्यांतून निघतात, रेशो १.०७. तिथून १.३३ पर्यंत जायचं ते स्वतःचं भांडवल घालूनच.

दुकानदार७: नव्वद दिवसांच्या आतली ८च आहे.

माजीबँकर: मग ९.७५, आणि तुम्ही १२ उचललेत. गेल्या महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये (बँकेला दिलेला माल-उधारीचा तक्ता) उधारी किती दाखवलीत?